ड्रेस्डेनच्या काचेआडचा औरंगजेब

शनिवार, रात्री

लेकीकडे बर्लिनला आल्यापासून ड्रेस्डेनचं घोकत होते, आज आम्ही दोघी जाऊन आलो. तिथल्या राजवाड्यात सॅक्सनीच्या राजांचा जामदारखाना आहे, 'ग्रीन व्हॉल्ट'. मला ओढ होती ४१ कॅरटच्या हिरव्या हिऱ्याची. तो आपल्याकडच्या गोवळकोंड्याच्या खाणींतला समजतात. पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच एका काचेसमोर पाय थांबले.

आत औरंगजेबाचा दरबार! दिल्लीत बादशहाचा वाढदिवस चाललाय. बोटाएवढी सोन्याची माणसं, त्यांवर मीनाकाम. हत्ती, उंट, नजराणे घेऊन पायऱ्यांशी आलेले उमराव, आणि अगदी वर, छत्राखाली, इवलासा बादशहा. १३२ मूर्ती आणि सुमारे पाच हजार हिरे. डिंगलिंगर नावाच्या सोनारानं भावांना हाताशी घेऊन १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं हे घडवलं. हिंदुस्थान त्यानं पाहिलाच नव्हता. प्रवाशांची वर्णनं वाचून दरबार उभा केला, म्हणून त्यात मधूनच चिनी थाट डोकावतो. कारागिरी मात्र अशी, की डोळे निवत नाहीत.

मी नगरची. त्या तारखा वाचल्या आणि मनात दुसराच हिशेब सुरू झाला. १७०१ मध्ये हा सोनार कामाला बसला, तेव्हा खरा औरंगजेब पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता. पुढच्या वर्षी विशाळगड घेतला, पण परतताना सह्याद्रीच्या पावसानं त्याच्या फौजेची दैना केली. मग सिंहगड, राजगड, तोरणा. एक गड घ्यावा, तर ताराबाईंच्या माणसांनी मागचा परत घ्यावा. दक्षिणेत उतरल्यापासून पंचवीस वर्षं त्याला दिल्ली दिसली नव्हती. १७०७ मध्ये तो आमच्या नगरलाच वारला. इथला वाढदिवसाचा दरबार पुरा झाला त्याच्या पुढच्या वर्षी.

लहानपणी नगरजवळच्या भिंगारमधल्या आलमगीर या त्याच्याच नावाच्या ठिकाणावरून किती वेळा गेले असेन. खुलदाबादची त्याची कबरही पाहिलीय, उघडी, नुसती मातीची. आज त्याच माणसाभोवती एवढे हिरे पाहून पोटात कालवल्यासारखं झालं. त्याच्यासाठी नव्हे. त्या पंचवीस वर्षांत आपल्या मुलखातली जी गावं, जी शेतं तुडवली गेली, ती आठवून.

हिरवा हिरा पाहिला. सुरेखच आहे. पण पुन्हा दरबारापाशी आले आणि नजराणे आणणाऱ्यांचा एकेक चेहरा न्याहाळत उभी राहिले. गाडीची वेळ झाली म्हणून लेकीनं हाताला धरून बाहेर नेलं.