परिपत्रकातली गाळलेली ओळ

मागच्या रविवारी परभणीत मुलींच्या सॉफ्टबॉल स्पर्धेची फायनल झाली. ती सातव्या इनिंगलाच संपायला हवी होती, संपली आठव्यात. ती जास्तीची इनिंग का खेळवावी लागली, याचं स्कोअरशीटवरचं कारण आहे बेस अंपायरचा कॉल. खरं कारण मी लिहिलेलं परिपत्रक.

मी क्रीडाशिक्षक. गेली अकरा वर्षं नियमांतले बदल आणि स्पर्धांच्या बातम्या मराठीत करून आमच्या भागातल्या कोचेसना पाठवायचं काम माझ्याकडे आहे. कुणी दिलं नाही, अंगावर आलं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. 2013 साली बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या जागतिक संघटना एक झाल्या, तेव्हापासून नियम तिकडून येतात. आमचे निम्मे कोच पुस्तक उघडत नाहीत आणि उरलेले उघडून बंद करतात. त्यामुळे माझं परिपत्रक हेच पुस्तक. त्यात बातम्या असल्या की मात्र सगळे वाचतात. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय हे टाकलं, तेव्हा दहा मिनिटांत चाळीस अंगठे आले. त्याच्याच खाली इनफिल्ड फ्लायचा, म्हणजे जवळच उंच उडालेल्या बॉलवर बॅटरला आऊट देण्याच्या नियमाचा, खुलासा होता, त्यावर एकानेही काही विचारलं नाही. दोन पोरं हिंगोलीला त्यावरूनच भांडली.

एका वर्षी चार पानांचं पाठवलं होतं. उत्तर आलं, "सर, थोडक्यात सांगा ना." मग मी थोडक्यात सांगायला लागलो. मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावेल एवढं. इथेच माती खाल्ली.

आता बेसबद्दल, म्हणजे पळताना गाठायच्या थांब्यांबद्दल, थोडं सांगायला पाहिजे, कारण या खेळाबाहेरच्या माणसाला फर्स्टला, म्हणजे पहिल्या थांब्याला, दोन बेस असतात हेच माहीत नसतं. पंधरा इंच लांब, पंधरा इंच रुंद असा पांढरा बेस रेषेच्या आत, आणि त्याला चिकटून तेवढाच केशरी बेस रेषेबाहेर. पांढरा क्षेत्ररक्षण करणारीचा, केशरी पळत येणारीचा. कारण सरळ आहे. बॅटर जीव तोडून साठ फूट पळत येते, फर्स्टवाली त्याच वेळी एक पाय बेसवर ठेवून थ्रोकडे बघत असते, आणि दोघींचे पाय एकाच पंधरा इंचांत पडतात. आमच्याकडे एकच बेस होता त्या काळात मी एका पोरीचं मनगट मोडलेलं पाहिलंय. हाड मोडल्याचा आवाज होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभी राहते तिथपर्यंत, आला होता. त्यानंतर मीच मागे लागून डबल बेस सुरू करवला. तयार बेस मागवायला पैसे नव्हते, म्हणून रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्या कुशनवाल्याकडून रेक्झिनचे शिवून घेतले. आत नारळाचा काथ्या, खाली चार कड्या, कड्यांतून खिळे. पहिले दोन बेस पहिल्याच स्लाइडला उसवले. मग त्याने उंटाच्या खोगिराला वापरतात तसली दुहेरी शिलाई घातली. ते तिसरे अजून चालतात. एवढंच की ऊन खाऊन केशरी आता पिवळसर गुलाबी झालाय.

रविवारी सकाळी सहाला मैदान आखायला घेतलं. काळी माती, वर थोडा मुरूम, रात्रीचं दव. सुतळीला खिळा बांधून होम ते सेकंड चौऱ्याऐंशी फूट सव्वादहा इंच मोजायचं. हे एक माप बरोबर आलं की बाकीचा चौकोन आपोआप बसतो. पिचरची, म्हणजे बॉल टाकणारीची, पाटी होमपासून त्रेचाळीस फुटांवर, तिच्याभोवती आठ फूट त्रिज्येचं वर्तुळ. फक्की मारणारा मुलगा क्रिकेटवाला, तो दरवर्षी विचारतो, "सर, विकेट कुठंय?" आठ वाजता मैदानात तीन म्हशी आणि एक प्री-वेडिंगवालं जोडपं आलं. म्हशी लवकर गेल्या.

फायनल नांदेडकडची टीम आणि लातूरकडची टीम यांच्यात. नावं लिहीत नाही. प्लेटमागे अंपायर म्हणून मी. बेसवर एक नवीन मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, अंपायर म्हणून पहिलंच वर्ष. आवाज खणखणीत, धावपळ नेटकी. उगाच नाही सांगत, आमच्या दहा जुन्या अंपायरांपैकी आठांपेक्षा ती चांगल्या जागी उभी राहते. जुने लोक सावली बघून उभे राहतात.

मॅच चांगली झाली. नांदेडच्या पिचरच्या उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या होत्या. लातूरच्या कोच म्हणाल्या पट्ट्या काढायला लावा. मी बोटं बघितली. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली. आठवडाभर वेचणी केली होती पोरीने. पिचिंगच्या हाताला पट्टी चालत नाही, काढाव्या लागल्या. त्या बोटांनी ती सात इनिंग विंडमिल, म्हणजे हात गोल फिरवून खालून, टाकत राहिली. एकदाही बोटांवर फुंकर मारली नाही.

सातव्या इनिंगचा शेवटचा भाग. स्कोअर तीन-तीन. लातूरची बॅटिंग, दोन आऊट, थर्डवर रनर. रन आली की मॅच संपली. बॅटरने शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मधे उभ्या असलेल्या पोरीकडे, हळू सरपटता बॉल मारला. शॉर्टस्टॉपने उचलला, थ्रो किंचित उंच. फर्स्टवालीला टाचा उचलाव्या लागल्या. बॅटर थ्रोच्या आधी पोचली, हे मला होमवरूनही दिसलं. रनरने होम ओलांडलं.

आणि बॅटरचा पाय पांढऱ्यावर पडला. केशरीला लागलासुद्धा नाही.

बेस अंपायरने मूठ वर केली. "आऊट!" दुसऱ्या हाताचं बोट पांढऱ्या बेसकडे.

नांदेडच्या पोरी किंचाळत मंडपाकडे पळाल्या. बॅटर फर्स्टच्या पुढे दहा पावलांवर मातीत बसली. लातूरच्या कोच मॅडम माझ्याकडे चालत आल्या. पळत नाही, चालत. हातात मोबाइल, त्यावर पुस्तक उघडलेलं. मी म्हटलं ना, पुस्तक कुणी उघडत नाही. ही एक बाई उघडते.

"सर, अपील कुणी केलं?"

कुणीच नव्हतं केलं.

नियम असा आहे. फर्स्टवर प्ले होत असताना, म्हणजे तिथे आऊट करायला थ्रो येत असताना, बॅटर-रनरने फक्त पांढऱ्याला पाय लावला, तर तो बेस चुकवल्यासारखाच. पण अंपायरने स्वतःहून बोलायचं नाही. थ्रोच्या आधी पोचली असेल तर सेफ, म्हणजे नाबाद, दाखवायचं आणि गप्प राहायचं. ती बेसवर परत येण्याआधी क्षेत्ररक्षण करणाऱ्या टीमने अपील केलं, तरच आऊट. क्रिकेटमध्येही अपीलशिवाय अंपायर आऊट देत नाही. गल्लीतलं पोरगंही हे जाणतं, म्हणून तर एवढ्या बोंबा मारतात. माझ्या परिपत्रकात मात्र ही ओळ होती: "फर्स्टवर प्ले असेल तर केशरी बेसलाच पाय लावावा. फक्त पांढऱ्याला लावल्यास आऊट." खाली माझी सही.

अपीलचा भाग मी कापला होता. एका स्क्रीनवर मावत नव्हता.

मी बेस अंपायरला बाजूला घेतलं. विचारलं, "अपील ऐकलंस?" तिने खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढली. त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ. "सर, मी तुमचंच वाचून दिला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

तोवर नांदेडचे कोच आले. त्यांच्याकडेही तीच झेरॉक्स. "सर, ही सही तुमचीच आहे ना? मग प्रश्न कामून येतोय?" मागे त्यांचा मॅनेजर मंडपातल्या बॅगा मोजत होता. त्यांना संध्याकाळची तपोवन एक्सप्रेस गाठायची होती.

अंदाजाच्या निर्णयावर प्रोटेस्ट, म्हणजे लेखी हरकत, चालत नाही. आधी पोचली की नंतर, यावर वाद घालता येत नाही. पण नियम चुकीचा लावला तर प्रोटेस्ट चालतो, आणि इथे तो चुकीचा लागला होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती. मग सरळ आहे ना? आऊट फिरवा, रन धरा, चार-तीन, चला घरी.

नाही सरळ. पुस्तकात प्लेट अंपायरला आणखी एक अधिकार दिलाय. कॉल फिरवल्यामुळे कुणाची बाजू धोक्यात येत असेल, तर पुढचा पिच पडायच्या आत अंपायरने ती दुरुस्त करायची. इंग्रजीत त्याला 'जेपर्डी' म्हणतात. मला अकरा वर्षांत त्याला मराठी शब्द सापडलेला नाही. आता बघा. बेस अंपायरने लगेच आऊट दिला म्हणून नांदेडच्या पोरींनी अपील केलं नाही. आऊट मिळाल्यावर अपील कोण करतं? त्या मैदान सोडून गेल्या, आणि इनफिल्डमधल्या सगळ्या बाहेर गेल्या की अपीलचा हक्कही जातो. आमच्याच चुकीमुळे त्यांचा हक्क गेला असता. कॉल फिरवला तर त्यांच्यावर अन्याय, नाही फिरवला तर लातूरवर.

दहा मिनिटं मी उभा होतो. लोकांना वाटलं मी विचार करतोय. खरं तर मी ती पोरगी बघत होतो. ती अजून मातीतच बसलेली, बुटाची लेस सोडत होती आणि परत बांधत होती.

निर्णय दिला: आऊट कायम. सेफ दिला असता तर नांदेडने अपील केलं असतं आणि आऊट मिळालाच असता, असं धरून. तिसरा आऊट फर्स्टला पोचायच्या आतला, म्हणून रन नाही. आठवी इनिंग, टायब्रेकर, सेकंडवर रनर ठेवून सुरुवात.

कोच मॅडमनी प्रोटेस्ट लिहून दिला नाही. मोबाइल बंद केला आणि म्हणाल्या, "सर, पुस्तक वाचलं ही आमची चूक झाली का?" त्यांच्या टीमने आठव्यात तीन पिचर बदलल्यासारखा गोंधळ घातला, खरं तर पिचर एकच होती. नांदेडच्या दोन रन, लातूरची शून्य. पाच-तीन. लातूरची क्रूझर अंधार पडायच्या आधी निघाली.

रात्री घरी आल्यावर तो एक प्रश्न डोक्यात शिरला, तो अजून निघालेला नाही. मी धरून चाललो की त्यांनी अपील केलं असतं. कशावरून? त्यांच्या कोचकडे नियमाची एकच प्रत होती, माझी. आणि तिच्यात अपील हा शब्दच नव्हता. बेस अंपायरने सेफ दिला असता, तर ते माझी झेरॉक्स नाचवत तिच्यावर ओरडले असते, "पांढऱ्याला लागला, आऊट द्या!" ते अपील धरायचं का? पांढऱ्याला लागला असं ओरडून सांगितलं म्हणजे अपीलच की, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, ते तुझ्या कागदाचं ओरडणं होतं, नियमाचं नव्हे. आणि मॅच संपल्यावर अपीलला अंपायर मैदान सोडेपर्यंत मुदत असते. त्या नाचगाण्यात ती पोरगी बेसवर परत गेली असती का? सातव्या इनिंगला जिंकल्यावर परत बेसवर कोण जातं?

बेस अंपायरने सोमवारी फोन केला. म्हणाली, "सर, पुढच्या वेळी मी पुस्तकच वाचीन." मी म्हटलं वाच. पुढे काय बोलावं सुचेना, तिच्या परीक्षेचं विचारलं.

स्पर्धेच्या आयोजकांपैकी एकांशी बोललो. ते म्हणाले निर्णय योग्यच होता, जास्त खोलात जाऊ नका. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर हाच उपाय. खोलात गेलं की लोक प्रमाणपत्रं, सवलतीचे गुण, निवड, सगळं उकरतात. खेळाच्या चुकीपेक्षा कागदाची भीती मोठी.

मी नवीन परिपत्रक लिहायला घेतलंय. ती ओळ आता अशी आहे: "फर्स्टवर प्ले होत असताना बॅटर-रनरने फक्त पांढऱ्या बेसला पाय लावला आणि ती बेसवर परत येण्याआधी क्षेत्ररक्षण करणाऱ्या टीमने अपील केलं, तरच आऊट. अंपायरने स्वतःहून बोलायचं नाही." एका स्क्रीनवर मावत नाही. खाली सरकवावं लागतं.

त्याच्या वर एक ओळ लिहून ठेवलीय: "मागच्या परिपत्रकात यातला अपीलचा भाग माझ्याकडून गाळला गेला होता." ती ठेवायची की काढायची, यावर तेच आयोजक काल तासभर फोनवर होते. त्यांचं म्हणणं, ती ओळ सगळ्यांकडे पोचली की लातूरवाले परत येतील. येऊ देत, असं मी म्हटलं, पण पाठवलं अजून नाही. शनिवारी हिंगोलीला मॅचेस आहेत. बेस अंपायर तीच आहे.