पाचव्या भागाची धास्ती

“म्हणजे अँडीनं खेळणी देऊन टाकली, त्याला काही अर्थच नाही?”

‘टॉय स्टोरी’ या जिवंत खेळण्यांच्या ॲनिमेशनपटाचा पाचवा भाग येतोय म्हटल्यावर भाची खूश होईल असं वाटलं होतं. ती चक्क चिडली.

तिचा मुद्दा खोडता येईना. २०१० च्या तिसऱ्या भागात कॉलेजला निघालेला अँडी सगळी खेळणी छोट्या बॉनीला देतो. ती त्याच्या लाडक्या काउबॉय बाहुल्याला, वुडीला घ्यायला जाते, तेव्हा अँडी नकळत त्याला मागे ओढतो. १९९५ च्या पहिल्या भागापासून अँडीबरोबर वाढलेल्यांना तो निरोप आपलाच वाटला. मग २०१९ मध्ये चौथा आला, ऑस्करही घेऊन गेला. चांगला होता हो! पण रडून मोकळं झाल्यावर पुन्हा किती रडायचं?

अर्थात, सरसकट नाक मुरडण्यातही अर्थ नाही. दुसरा भाग मुळात थेट व्हिडिओवरच आणायचा ठरला होता, आणि तो कित्येकांना पहिल्याहून जास्त आवडतो.

त्यामुळे धास्ती सिनेमा वाईट निघण्याची नाहीच. तो चांगला निघाला तरी जुना शेवट मग शेवट राहत नाही. “नको तर बघू नका” म्हणणं सोपं आहे, पण आवडत्या माणसांचं पुढं काय झालं हे न बघता राहवतं का कुणाला?

तुमच्यापुरता कुठला सिनेमा कुठल्या भागाला संपला? मागाहून कितीही भाग आले तरी?