रोडवरची रेती आणि माझं टिनाचं शहाणपण

आमचं वावर नागपूरपासून तासाभरावर, पारशिवनीकडे, कन्हान नदीच्या पट्ट्यात. रोडच्या पल्याड एका काकांची पडीक जागा, तिच्या मागे रेतीचा डेपो. एप्रिल लागला की दुपारी पश्चिमेकडून गरम वारा सुटतो आणि ढिगावरची रेती आधी रोडवर, मग आमच्या वांग्यात. २०२१ च्या मे मध्ये वळणावर माझीच बाईक घसरली, कोपर सोललं. डेपोवाल्याला तीनदा म्हटलं, भाऊ ढिगावर जाळी टाक. हो हो म्हणायचा, बस.

मग मी डोकं लावलं आणि धुऱ्यावर आठ फुटी टिनाचे पत्रे ठोकले. झालं उलटंच. रेती पत्र्याला अडून समोर रोडवरच पडायला लागली, आणि वारा वरून उडी मारून मागे वावरात असा गिरक्या घ्यायचा की तिथली रोपं आडवी. मे अखेरच्या नवतप्यात, त्या नऊ कडक दिवसांत, दोन पत्रे उडालेच.

मामेभाऊ जैसलमेरकडे नोकरीला होता, त्याला फोनवर सांगितलं तर आधी हसला. "अबे, भिंत काऊन बांधली? चाळणी पाहिजे." म्हणजे झाडांची रांग अशी की साधारण अर्धा वारा आरपार जाईल, फक्त त्याचा जोर मोडेल. तिकडे रोड, कालव्याच्या कडेनं असेच पट्टे आहेत, जोधपूरची काझरी ही संशोधन संस्था तर १९५९ पासून वाळवंटातल्या शेतीवर काम करते. दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती मला सुचलीच नसती, की पट्टा रोडला चिकटून नको, वाऱ्याच्या बाजूला आणि रोडपासून दूर पाहिजे, नाहीतर वारा मंदावला की रेती रोडवरच बसते.

म्हणजे झाडं काकांच्या जागेत लावायची. दोन चकरा मारल्या, सीताफळं तुमची म्हटलं, तेव्हा तयार झाले.

जुलैमध्ये तीन रांगा लावल्या. ढिगाकडून पहिली निरगुडी आणि बेशरम (फांदी खोचली की लागते, बकऱ्या तोंड लावत नाही), मग सीताफळ, मागे कडुनिंब आणि करंज. बुडाशी दाट झुडूप पाहिजेच, कारण रेती टणटण उड्या मारत जाते, बहुतेक गुडघ्याच्या खालूनच. रोपं लहान होती तोवर मध्ये पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) ओळी अर्ध्या गाडून उभ्या केल्या, आणि एकाच दुपारी प्रत्येक पऱ्हाटीमागे रेतीची बारीक शेपटी पडलेली दिसली, इतका आनंद मला पीक पाहूनही झाला नसेल. पहिला उन्हाळा ड्रमनं पाणी टाकून काढला, कंबर गेली.

पुढच्या वर्षी कोणीतरी सरपणासाठी पाच-सहा फुटांचा तुकडा बुडापासून तोडला. तेवढ्याच फटीतून वारा नळीतून आल्यासारखा, आणि रोडवर रेतीची जीभ. परत पऱ्हाट्या, परत निरगुडी.

आता कडुनिंब बारा-तेरा फूट झाले. उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी आडोसा मिळतो म्हणतात, म्हणजे रोड त्यात येतो. मे मध्ये थोडी धूळ येते, पण वळणावर थर नाही. आमच्या वावरापर्यंत पूर्ण फायदा पोचायला झाडं अजून वाढायची आहेत. उरलेले पत्रे गोठ्यावर टाकले, पावसात कामी येतात.