तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे साईक्स एकाच घरचे का?

दख्खनच्या पक्ष्यांविषयी आणि इंग्रजी अमदानीविषयी मी अधूनमधून बोलतो, आणि बोलणे संपले की एक प्रश्न हमखास येतो. रातव्याच्या एका जातीला ज्यांचे नाव आहे ते कर्नल विल्यम साईक्स, १९२८ ते १९३३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर फ्रेडरिक साईक्स आणि पश्चिम आशियाच्या वाटणीच्या १९१६ च्या साईक्स-पिको करारातले सर मार्क साईक्स हे तिघे एकाच घराण्यातले का? विचारणारा कोल्हापूरचा असला, तर आपल्या गावातले साईक्स एक्स्टेंशनही तो या प्रश्नाला जोडून देतो. सभागृहाच्या दारात उभ्या उभ्या देता येईल असे याचे उत्तर नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे.

यॉर्कशरच्या पश्चिमेला पेनाइन डोंगरांच्या उतारांवर पाणथळ माळांतून वाहणाऱ्या लहानशा ओहोळाला तिथल्या बोलीत ‘साइक’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत आणि व्हायकिंगांबरोबर आलेल्या नॉर्स भाषेत या शब्दाची जवळजवळ सारखीच रूपे आहेत. असा ओहोळ पुष्कळदा दोन शिवारांची हद्दही असे. मध्ययुगीन दप्तरांत ओहोळाकाठी राहणाऱ्याची नोंद ‘देल साइक’ अशी होई; पुढे ‘देल’ गळून पडले, शेवटी ‘स’ जोडला गेला आणि राहण्याच्या जागेची ती खूण मुलाबाळांनाही चिकटली. इंग्लंडमध्ये १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर आधी सरदारांची आडनावे स्थिरावली, सामान्य कुळांची तेराव्या-चौदाव्या शतकात, आणि उत्तरेकडे ही प्रक्रिया दक्षिणेपेक्षा सावकाश झाली. १३७९ मध्ये लावलेल्या डोईपट्टीच्या वेस्ट रायडिंगमधल्या, म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिम भागातल्या, याद्या मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत, आणि यॉर्कशरच्या आडनावांचा अभ्यास करणारा प्रत्येक जण प्रथम त्याच उघडतो.

आता डोंगरउतारावर ओहोळ काही एकच नसतो. दहा गावांत दहा ओहोळ आणि प्रत्येकाच्या काठी कोणी ना कोणी राहणारा, म्हणजे हे आडनाव अनेक ठिकाणी, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या माणसांना स्वतंत्रपणे मिळाले असणार, असे कागदपत्रांवरून दिसत होते. एकविसावे शतक उजाडेपर्यंत हे मत कोणी फारसे तपासले नव्हते, कारण तपासण्याचे साधनच नव्हते.

ते साधन म्हणजे वाय गुणसूत्र. ते फक्त पुरुषांत असते, बापाकडून मुलाकडे जाते आणि जाताना त्याचा बहुतेक भाग जसाच्या तसा राहतो. क्वचित एखाद्या जागी नक्कल करताना किंचित फरक पडतो. असे फरक साठत गेलेल्या जागा खुणा म्हणून वापरल्या, तर दोन पुरुषांची पितृवंशाची रेषा जवळची आहे की दूरची हे ताडता येते. इंग्लंडमध्ये आडनावही बापाकडूनच येते. म्हणजे एक वारसा शरीरात आणि दुसरा कागदावर, दोन्ही एकाच वाटेने चाललेले. मग दोहोंचा मेळ बसतो का, हे पाहण्याची कल्पना ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साईक्स यांना सुचली, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचेच आडनाव निवडले. निमित्तही मजेदार होते. ग्लॅक्सो वेलकम या औषध कंपनीचे त्या वेळचे अध्यक्ष सर रिचर्ड साईक्स होते, आणि तुम्ही दोघे नातलग का, हा प्रश्न ब्रायन यांना विचारला जाई. दोघांनाही आपसांतले कोणतेही नाते ठाऊक नव्हते. तपासणीत दोघांचे वाय गुणसूत्र एकमेकांशी जुळले.

मग ब्रायन साईक्स आणि कॅथरीन अर्व्हेन यांनी यादृच्छिक निवडीतून मिळालेल्या ४८ साईक्स पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरील ४ खुणा तपासल्या, आणि २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्या पुरुषांमध्ये या खुणांचा एकच संच निघाला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांत तो संच सापडला नाही. कागदपत्रे अनेक मूळपुरुष सुचवत असताना गुणसूत्र एकाच मूळपुरुषाकडे बोट दाखवत होते. उरलेल्या निम्म्यांच्या खुणा मात्र आसपासच्या कोणत्याही पुरुषांसारख्या विखुरलेल्या होत्या. सुमारे ७०० वर्षांत अधूनमधून पितृवंशाची रेषा तुटत गेल्याचा तो परिणाम मानला, तर त्याचा सरासरी दर दर पिढीला १.३ टक्के येतो, असा त्यांचा अंदाज होता.

वृत्तपत्रांनी या शेवटच्या आकड्यावर साईक्स घराण्यातल्या सुनांच्या पातिव्रत्याच्या गोष्टी रचल्या. मला त्यात गंमत कमी आणि आळस जास्त दिसतो. आडनाव एकीकडे आणि वाय गुणसूत्र दुसरीकडे जाण्याची कारणे अनेक असतात. विधवेने दुसरे लग्न केले आणि मुलांनी सावत्र बापाचे नाव लावले, अविवाहित मातेच्या मुलाला आजोळचे नाव मिळाले, नातलग नसलेला मुलगा घरी वाढवला, जमीन मिळावी म्हणून जावयाने सासऱ्याचे नाव घेतले, या सगळ्याची नोंद गुणसूत्रात एकाच प्रकारे होते. नॉर्थंबरलंडचे पर्सी हे इंग्लंडमधले अतिशय जुने सरदार घराणे; पण अठराव्या शतकाच्या मध्यावर ह्यू स्मिथसन या यॉर्कशरच्या जमीनदाराने त्या घराण्याची वारस असलेल्या पत्नीमुळे पार्लमेंटच्या कायद्याने पर्सी हे नाव धारण केले, आणि तेव्हापासूनच्या ड्यूकांचा पितृवंश स्मिथसनांचा आहे. कोल्हापूरच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले आणि १८८४ मध्ये छत्रपतींच्या गादीवर दत्तक आले. आडनाव भोसले झाले, रक्ताची रेषा घाटग्यांची राहिली, आणि त्यात लपवण्यासारखे कोणालाही काही वाटले नाही.

या प्रयोगाविषयीचा खरा आक्षेप वेगळाच आहे. ४ खुणा फार थोड्या होत्या. पश्चिम युरोपात वाय गुणसूत्राची आर१बी ही शाखा इतकी बहुसंख्य आहे, की मोजक्याच खुणा पाहिल्या तर एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन पुरुषही जुळलेले दिसू शकतात. दुसरे असे, की आज एकच संच वरचढ दिसतो म्हणून सुरुवातीला एकच मूळपुरुष होता, असे सिद्ध होत नाही. समजा, चौदाव्या शतकात पाच निरनिराळ्या ओहोळांकाठी पाच साईक्स कुळे होती. १३४८-४९ च्या प्लेगच्या काळ्या साथीत आणि पुढच्या लाटांत त्यांतली दोन बुडाली, एकात मुलीच झाल्या, चौथ्यात पिढ्यान्‌पिढ्या एकेकच मुलगा, आणि पाचव्याला हडर्सफील्डच्या आसपासच्या लोकर-व्यवसायात बरकत येऊन मुलगे, नातू, पणतू वाढत गेले. सातशे वर्षांनी मोजणी केली तर बहुसंख्य साईक्स त्या पाचव्याचेच निघतील, आणि मूळपुरुष एकच होता असा भास होईल. केवळ योगायोगाने काही रेषा फोफावतात आणि काही संपतात, ही गोष्ट लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांच्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आणली. त्यांचा निष्कर्ष मला अधिक टिकाऊ वाटतो. आडनाव जितके दुर्मीळ, तितका समान पितृवंश दाट. ॲटनबरो आणि स्विंडलहर्स्ट या आडनावांत ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचे वाय गुणसूत्र एकसारखे किंवा जवळजवळ एकसारखे निघाले. स्मिथ या आडनावाखाली मात्र देशभरातले कोणतेही पुरुष गोळा करावेत तितकीच विविधता होती, कारण लोहार गावोगावी होता. साईक्स हे या दोन टोकांच्या मधले, यॉर्कशरमध्ये भरपूर आणि इतरत्र विरळ.

किंग-जॉबलिंग यांच्याच गटाचे २००७ मधले एक काम मला या सगळ्या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते. इंग्लंडमधल्या एका पुरुषाच्या नमुन्यात ए१ ही वाय गुणसूत्राची अतिशय जुनी शाखा सापडली. ती पश्चिम आफ्रिकेतली. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या गोऱ्या माणसात तोवर कोणाला आढळली नव्हती. त्याचे आडनाव पूर्व यॉर्कशरमधले आणि दुर्मीळ होते, म्हणून त्याच आडनावाचे पुरुष शोधले, तर १८ पैकी ७ जणांत तीच शाखा निघाली. कागदपत्रांतून या सात जणांच्या दोन वंशावळी जुळवता आल्या आणि दोन्ही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या यॉर्कशरपर्यंत पोहोचल्या. त्यांचा एकत्र येण्याचा बिंदू त्याहूनही मागे. रोमन काळात हेड्रियनच्या भिंतीवर आफ्रिकी सैनिक होते, पुढच्या काळात गुलामांच्या व्यापारातून आफ्रिकी माणसे इंग्लंडमध्ये आली; यांपैकी कोणत्या वाटेने तो पूर्वज आला हे गुणसूत्र सांगत नाही. पण दिसण्यात, बोलण्यात, आडनावात अस्सल यॉर्कशरी असलेल्या माणसांचा पितृवंश आफ्रिकेत पोहोचतो, एवढे ते निःसंदिग्धपणे सांगते. इंग्रजी आडनाव असले की वंशही ‘शुद्ध इंग्रजी’ असणार, असे मानणाऱ्यांनी या सात जणांचा विचार अवश्य करावा.

इथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ‘साईक्स घराण्याचा डीएनए’ असे शब्द सहज वापरले जातात. पितृवंशाची रेषा ही आपल्या पूर्वजांपैकी एकाच माणसाची रेषा असते. दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात, आणि आडनाव त्यांतल्या एकाकडूनच येते. तीस वर्षांची एक पिढी धरून सातशे वर्षे मागे, म्हणजे तेवीस पिढ्या गेले, तर जागा ८३ लाखांहून अधिक होतात. तेवढी माणसेच त्या वेळच्या इंग्लंडमध्ये नव्हती, म्हणजे तेच तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येतात आणि हडर्सफील्डचा साईक्स शेजारच्या स्मिथचा नातलग निघतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ग्रामीण ब्रिटनमधले २,०३९ लोक घेतले होते, ज्यांचे चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले होते. संपूर्ण जनुकसंचाच्या तुलनेवरून त्यांचे १७ समूह पडले, आणि वेस्ट यॉर्कशरचा समूह मध्य व दक्षिण इंग्लंडच्या विस्तीर्ण समूहापासून वेगळा उठून दिसला. एखाद्या साईक्सच्या शरीरातला बहुतांश वारसा हा असा मुलखाचा आहे. तिथल्या दऱ्याखोऱ्यांत शतकानुशतके आपसांत लग्ने करणाऱ्या सगळ्याच आडनावांनी मिळून तो घडवला आहे. कप-बश्यांवर ‘साईक्स घराण्याचे राजचिन्ह’ छापून विकणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको, कारण इंग्लंडमध्ये असे चिन्ह एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिले जाते, आडनावाला नव्हे.

आता तुमचे तिघे. कर्नल विल्यम हेन्री साईक्स (१७९०-१८७२) यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळचे, म्हणजे या आडनावाच्या ऐन मुलखातले. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले, आणि ते करता करता त्यांनी पक्षी, मासे, पिके, पाऊसमान असे सगळेच टिपून ठेवले. साईक्सच्या रातव्याचे ‘महरात्तेन्सिस’ हे शास्त्रीय नाव त्यांनीच १८३२ मध्ये दिले. पुढे ते लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्ष झाले; ४८ माणसांवरून काढलेला निष्कर्ष त्यांनी बारकाईने तपासला असता, यात मला शंका नाही. ब्रायन साईक्स यांना सापडलेला बहुसंख्य संच तिघांपैकी कोणात निघण्याची शक्यता सर्वाधिक असेल, तर ती यांच्यात. आणि तरीही ती साधारण निम्मीच.

गव्हर्नर फ्रेडरिक साईक्स लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडनचे. आडनावाच्या मुलखाबाहेर जन्मलेल्याविषयी असा अंदाज करणे अधिकच कठीण, कारण त्याचे पूर्वज यॉर्कशरहून उतरलेले असू शकतात, किंवा दक्षिणेतल्या दुसऱ्याच ओहोळाकाठचेही. सर मार्क साईक्स पूर्व यॉर्कशरमधल्या स्लेडमियरचे. त्यांचे घराणे लीड्स शहर आणि हल बंदर इथल्या व्यापारातून वर आले, पण घराण्यातली परंपरा आपले मूळ कार्लाइलजवळच्या कंबरलंडमध्ये सांगते. ती खरी असेल, तर हा ओहोळ वेस्ट रायडिंगचा नव्हेच.

तिघांच्याही बाबतीत उत्तर मिळवण्याचा मार्ग एकच आहे. प्रत्येकाच्या पितृवंशातला, म्हणजे मुलाच्या मुलाच्या मुलाकडून आलेला, आज हयात असलेला पुरुष शोधायचा आणि ४ ऐवजी शंभराच्या घरातल्या खुणा तपासायच्या. एकाच वंशजावर विसंबूनही चालत नाही, कारण मधली एखादी कडी तुटलेली असू शकते. तिसऱ्या रिचर्ड राजाच्या अस्थींशी त्याच्या घराण्यातल्या हयात पुरुषांचे वाय गुणसूत्र जुळले नाही, आणि ओळख मातृवंशावरून पटवावी लागली, हे २०१४ मध्ये जगाने पाहिले. मृताच्या अवशेषांतून थेट नमुना घेणे हा दुसरा मार्ग वाटेल, आणि सर मार्क यांची कबर २००८ मध्ये खरोखरच उघडली गेली होती. ते १९१९ मध्ये पॅरिसमध्ये इन्फ्लुएंझाच्या महासाथीत वारले आणि शिशाच्या पेटीत पुरले गेले होते, म्हणून संशोधकांना त्यांच्या फुप्फुसांत त्या विषाणूचे अंश हवे होते. त्यांच्या आडनावाशी त्या तपासणीला काही कर्तव्य नव्हते.