कोरडं बेडिंग

प्राणीगृहातले मामा सकाळी म्हणाले, "मॅडम, नव्या बॅचचे पिंजरे बरे आहेत, कोरडे राहतात. जुन्यांचं बेडिंग मला रोज बदलावं लागतं." मी नुसतं हसले. मधुमेही उंदीर पाणी पितात ढसाढसा आणि मुततातही तितकंच. ओलं बेडिंग आमच्याकडे तक्रार नसते, खूण असते. कोरड्याचीच चौकशी करायला हवी होती, पण ते डोक्यात आलं नाही.

दोन्ही बॅचमध्ये म्युटेशन एकच: लेप्टिन या भूक आवरणाऱ्या हार्मोनच्या रिसेप्टरमधलं 'डीबी', तेही जनुकाच्या दोन्ही प्रतींत. सगळे नर, १६ आठवड्यांचे, काळेभोर, हातात घेतले की मऊ कणकेसारखे ओघळणारे. जुन्यातल्या एकाच्या शेपटीच्या टोकातून थेंब घेतला. साखरेच्या मीटरवर आकडाच नाही, नुसतं 'हाय', म्हणजे ६००च्या वर. नव्यातला पहिला: १७२. दुसरा: १९०. स्ट्रिपचा डबा बदलला, मीटर बदललं, तरी तेच. नवी बॅच मी औषधाच्या गटात टाकली होती (दोन्ही बॅच मिसळून गट पाडायचा आळस केला, कबूल), त्यामुळे क्षणभर वाटलं, काय जबरदस्त औषध आहे! मग वही उघडली. पहिला डोस अजून द्यायचाच होता.

मग संशय जीनोटाइपिंगवर, म्हणजे उंदरांत म्युटेशन आहे की नाही या डीएनए तपासणीवर. पीसीआर पुन्हा लावलं. संध्याकाळी जेलवर दोन्हीकडे अगदी सारखे पट्टे.

शेवटी उंदीर पाठवणाऱ्यांना फोन केला. त्यांची कॉलनी होती ब्लॅक सिक्स या स्ट्रेनवर, म्हणजे उंदरांच्या वाणावर, आमची बीएलकेएस या दुसऱ्या स्ट्रेनवर. मागणीपत्रात मी फक्त 'डीबी/डीबी' एवढंच लिहिलं होतं. बीएलकेएस म्हणायला ब्लॅक सिक्सचाच भाऊबंद, पण त्यात डीबीए स्ट्रेनचं बरंच रक्त मिसळलेलं आहे. याच म्युटेशनने एका स्ट्रेनला कडक मधुमेह होतो आणि दुसऱ्यात साखर थोडी वाढून पुन्हा उतरते, हे हमेल, कोलमन आणि लेन या संशोधकांनी १९७२मध्येच दाखवलं होतं. मी ते वाचलेलंही होतं, परीक्षेपुरतं.

प्रयोग अर्थातच बाद. पण स्वादुपिंडांचे काप मात्र करून घेतले. ब्लॅक सिक्सच्या स्लाइडवर इन्सुलिन बनवणारी बेटं टम्म फुगलेली, वाढत्या साखरेला पुरून उरणारी. बीएलकेएसच्या स्लाइडवर तीच बेटं शोधताना फोकस तीनदा फिरवावा लागला. सापडली ती आक्रसलेली, कडा विस्कटलेल्या.