ट्रकात अँब्युलन्स नव्हती

आमच्या धंद्यात 'पास' म्हणजे नापास. हे आधीच सांगून टाकते, कारण नवीन लेखकांची इथे हमखास फसगत होते. मी एका प्रॉडक्शन हाऊससाठी स्क्रिप्ट वाचते. आठवड्याला चार-पाच, प्रत्येकीवर तीन पानी रिपोर्ट, ज्याला कव्हरेज म्हणतात, आणि खाली एक शब्द: रेकमेंड, कन्सिडर किंवा पास. पास म्हणजे हे आपल्याच्यानं होणार नाही, पुढचं आणा. बारा वर्षांत रेकमेंड किती वेळा लिहिलं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल आणि त्यातलेही दोन पिक्चर बनलेच नाहीत.

लोकांना वाटतं पिक्चर बघायचे पैसे मिळतात. पिक्चर कुठला, दिवसभर पीडीएफ असतात. ॲक्शनच्या स्क्रिप्टमध्ये तर हिरोच्या एंट्रीला चार पानं आणि क्लायमॅक्सला एक ओळ: 'इथे धुवांधार फाईट होते.' अरे ती फाईटच तर लिहायची होती ना बाबा.

तर मार्चमध्ये एक मराठी थ्रिलर आली होती. साखर कारखाना, गाळप हंगामाचा शेवटचा दिवस, कामगारांचे थकलेले पैसे वाटायला रोख रक्कम ऑफिसात आलेली, एक टोळी आत घुसते आणि आत अडकलेला वजनकाट्यावरचा एक क्लार्क. लॉगलाइन, म्हणजे एका-दोन ओळींत सांगितलेली गोष्ट, वाचून मी खुर्चीत सरळ झाले होते. लिहिणारा मुलगा नवीन, पहिलीच स्क्रिप्ट, पण वजनकाट्याचं बारकाव्यानं लिहिलेलं, ऊसतोड मजुरांची भाषा खरी. मग मधली चाळीस पानं वाचताना काहीतरी सैल पडत गेलं, काय ते मला नेमकं बोट ठेवता येईना, आणि शेवटी टोळी पैसे घेऊन पळते ती एका ट्रॅक्टर-ट्रॉलीतून. शेवटचा दिवस, यार्ड रिकामं असं त्यानंच दुसऱ्या पानावर लिहिलेलं. मग हा ट्रॅक्टर आला कुठून? मी लिहिलं, 'पळण्याचं वाहन आधी पेरलेलं नाही, क्लायमॅक्स त्यामुळे खोटा वाटतो.' पास. बोट ठेवायला जागा मिळाली की आमच्यासारख्यांना फार बरं वाटतं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आमच्या बॉसनी फर्मान काढलं, सगळ्या टीमला ॲक्शन थ्रिलरचं स्ट्रक्चर समजलं पाहिजे, तू 'डाय हार्ड' उघडून दाखव. म्हणजे तो ब्रूस विलिसचा अमेरिकन पिक्चर: दहशतवादी असल्याचं भासवून एक दरोडेखोर टोळी उंच इमारतीतल्या ऑफिसात लोकांना ओलीस धरते आणि तिथे काम करणाऱ्या बायकोला भेटायला आलेला एक पोलीस एकटा त्यांच्याशी लढतो. हे माझं लाडकं काम. या पिक्चरचं नाव पिचमध्ये, म्हणजे निर्मात्याला गोष्ट विकताना, मापासारखं वापरतात, १९९४चा 'स्पीड' म्हणजे बसमधला डाय हार्ड असं तेव्हापासून म्हणतात, आणि आमच्याकडे महिन्याला एक तरी 'डाय हार्ड इन अमुक' येतोच. मी तो किती वेळा पाहिलाय ते सांगत नाही, नवरा वाचेल.

सकाळी अकराला बसलो. मी, दोन ज्युनिअर आणि एक इंटर्न, बार्शीचा पोरगा, वडील ट्रक चालवतात. तो आठवडाभर आला तसा गप्पच होता. भिंतीवर कार्डं लावायची: निळं हिरोचं, गुलाबी व्हिलनचं, पिवळं पेरणीचं. पेरणी म्हणजे सेटअप, जी गोष्ट पुढे उगवणार आहे ती. एक सीन झाला की पॉज, वेळ लिहायची, कार्ड चिकटवायचं. सव्वादोन तासांच्या आतला पिक्चर, पण असा पाहायला आठ तास जातात.

आता मला जरा मिरवू द्या. पहिल्या पंधरा मिनिटांत एकही गोळी सुटत नाही आणि तरी भिंत पिवळ्या कार्डांनी भरते. विमानातला शेजारी हिरोला सांगतो, प्रवासाचा शीण घालवायचा तर बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटं आवळ. हिरो तेच करत असताना हल्ला होतो, म्हणून तो अनवाणी. पहिल्या मेलेल्या गुंडाचे बूट काढतो तर ते लहान. पुढे व्हिलन त्याला समोरासमोर भेटतो, हिरोचे अनवाणी पाय त्याच्या लक्षात येतात, आणि जरा वेळानं तो आपल्या माणसाला सांगतो, काचा फोड. विमानातल्या एका फालतू गप्पेपासून रक्ताळलेल्या पायांपर्यंत चार कार्डं, एका दोरीत ओवल्यासारखी. दुसरी दोरी घड्याळाची. बायकोला कंपनीनं दिलेलं महागडं रोलेक्स, ऑफिसातला तो आगाऊ एलिस म्हणतो दाखव ना नवऱ्याला, ती दाखवत नाही. शेवटी व्हिलन खिडकीतून लोंबकळतो तो तिच्या त्याच मनगटाला धरून, आणि हिरो घड्याळाचा खटका काढतो. नोकरीनं दिलेलं घड्याळ गेलं, बायको राहिली. (यावर आमच्या ज्युनिअरनं 'म्हणजे बाईनं करिअर सोडायचं का' असं विचारलं. रास्त प्रश्न आहे, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल.) तिसरी दोरी फोटोची. बायको रागाच्या भरात टेबलावरचा फॅमिली फोटो पालथा घालते, म्हणून ती कोणाची बायको आहे हे व्हिलनला कळत नाही, आणि टीव्हीवर मुलं दिसल्यावर तो फोटो तो उचलतो. नवरा-बायकोच्या भांडणानंच तिला तोवर वाचवलेलं असतं. असं लिहिणाऱ्याचे हात धरून बसावंसं वाटतं.

गुलाबी कार्डं त्याहून भारी. नीट पाहिलं तर प्लॅन व्हिलनकडे आहे, हिरोकडे नाही. ६४ कोटी डॉलरचे बाँड, तिजोरीला सात कुलुपं, सहा फोडता येतात, सातवं इलेक्ट्रोमॅग्नेटिक, ते वीज गेल्याशिवाय उघडत नाही. आणि वीज घालवतं कोण? एफबीआय, दहशतवाद्यांशी वागायच्या पुस्तकात तसं लिहिलंय म्हणून. व्हिलननं पोलिसांनाच आपल्या कामाला जुंपलंय. कथा पुढे ढकलणारा माणूस तो आहे, हिरो फक्त त्याच्या गिअरमध्ये अडकलेला खडा. मी शिकवताना नेहमी सांगते, थ्रिलर लिहायची तर आधी व्हिलनची कामांची यादी लिहा.

इंटरव्हल कुठे पाडाल हेही मी विचारते, कारण आपल्याकडे ते लागतंच. तासाच्या आतबाहेर हिरो वरून प्रेत फेकतो आणि ते खाली पोलिसाच्या गाडीवर आदळतं. तोपर्यंत आतली गोष्ट आत होती, तिथून सगळ्या शहराला कळतं. दिवे लावा, समोसे आणा.

संध्याकाळी सातला शेवटाला पोचलो. एसी बंद पडलेला, चहाचे कागदी कप भिंतीशी रचलेले, सगळे पेंगुळलेले. पार्किंगमध्ये ट्रकच्या मागून अँब्युलन्स बाहेर येते, म्हणजे टोळीचा प्लॅन असा की छत उडवायचं, सगळे मेले असं वाटू द्यायचं आणि गोंधळात आपण अँब्युलन्समधून निघून जायचं. मी गुलाबी कार्ड हातात घेतलं आणि इंटर्न म्हणाला,

"मॅडम, ही अँब्युलन्स कुठनं आली?"

"ट्रकमधून. आत्ता दिसलं की."

"ते दिसलं. पण सकाळी ट्रकातनं माणसं उतरली तेव्हा तर न्हवती."

मी हसले. म्हटलं आत असेल मागे, अंधारात. तो म्हणाला, "एवढी माणसं आन् पेट्या भरल्यावर आत अँब्युलन्स कशी मावंल? फाळका उघडला की माल दिसतो मॅडम. माझे वडील कुठलीबी गाडी बघितली की आदी हेच सांगतेत, आत किती बसलंय."

मागे घेतला. दोघं कारमधून पुढे येतात, बाकीची टोळी ट्रकमधून. ट्रक तळघरात मागे लागतो, दार उघडतं, माणसं, सामान. आम्ही पॉज केलं, ब्राइटनेस वाढवला, एकेक फ्रेम सरकवली. अँब्युलन्स नाही.

मला कानशिलं गरम झाल्याचं आठवतंय. बारा वर्षं शिकवतेय. या पिक्चरवर माझं एक लेक्चर आहे, त्याला मी 'एकही खिळा सैल नाही' असं नाव दिलंय, लोक टाळ्या वाजवतात.

मग घरी जाऊन रात्री दोनपर्यंत मुलाखती पाहिल्या आणि लक्षात आलं की ही गोष्ट काही गुपित नाही, मीच कधी तिकडे बघितलं नव्हतं. दोन पटकथाकारांपैकी स्टीव्हन डिसूझा (नावावरून वसई आठवली तरी माणूस अमेरिकन) यांनी स्वतःच सांगितलंय. शूटिंग सुरू झालं तेव्हा टोळी पळणार कशी हे ठरलंच नव्हतं. अँब्युलन्सची कल्पना नंतर सुचली, तोवर ट्रक येण्याचा सीन शूट झालेला. त्यात ट्रकच्या मागे सगळे आपापली घड्याळं जुळवून घेतात असा एक तुकडा होता, आणि त्यात ट्रक रिकामा आहे हे ढळढळीत दिसत होतं, म्हणून तो कापला. गंमत पुढे आहे. त्या घड्याळांवर दुसरा एक सीन उभा होता. व्हिलन ओलीस असल्याचं नाटक करून हिरोला भेटतो, बिल क्ले असं खोटं नाव सांगतो, हिरो त्याला पिस्तूल देतो आणि ते रिकामं निघतं. हिरोला संशय का आला? मूळ प्लॅनमध्ये, कारण मेलेल्या सगळ्यांच्या हातात सारखी घड्याळं होती आणि याच्याही हातात तेच. घड्याळाचा तुकडा गेला तसं ते कारणही गेलं. आता पिक्चरमध्ये हिरोला नुसतं कळतं. आणि मी त्या जागेला इतकी वर्षं 'पोलिसाची अंतःप्रेरणा, कॅरेक्टरमधून आलेली' असं शिकवत होते!

एवढ्यावर थांबलं नाही. ब्रूस विलिस तेव्हा एक टीव्ही मालिकाही करत होता, त्यामुळे त्याला विश्रांती द्यायला बाकीच्या पात्रांचे सीन वाढवले गेले, म्हणजे तो खालचा पोलीस, टीव्हीवाला, ड्रायव्हर, ऑफिसातली मंडळी. मी भिंतीवर लिहिलं होतं: 'आत-बाहेर असा आलटून पालटून ताण, अत्यंत विचारपूर्वक.' हिरोच्या डेट्स नव्हत्या हो. अंधेरीत रोज घडतं तेच. तिथे चांगल्या लोकांच्या हातात पडलं म्हणून त्याचं स्ट्रक्चर झालं, आमच्याकडे त्याची बोंब होते.

पण मला झोप लागली नाही ती यामुळे नाही. पिक्चर १९८८ला आला, तेव्हापासून एवढ्या लोकांनी पाहिला आणि बहुतेकांना अँब्युलन्स खटकली नाही. मलाही नाही. का? मी पहाटे भिंतीचा फोटो उघडून बसले. अँब्युलन्स बाहेर येते तोपर्यंत सातही कुलुपं उघडलेली, पायात काचा गेलेल्या, फोटो उचललेला. व्हिलननं इतकं काम डोळ्यांसमोर केलंय की यानं पळायचीही सोय केली असणार हे आपण आपल्याच मनानं धरून चालतो. त्याची उधारी चालते कारण आधीचा हिशोब चोख आहे.

आणि मग तो साखर कारखाना आठवला.

त्या टोळीला ऑफिसात घुसल्यावर काही कामच नव्हतं. पैसे एका कपाटात, कपाट पंधराव्या पानावर उघडलं, मग चाळीस पानं ते नुसते ओरडत होते आणि क्लार्क लपत होता. सैल पडलं ते तिथे. कुलूपच नव्हतं, ना एक ना सात. मी वाचताना हेच जाणवलं होतं आणि नाव देता आलं नाही, म्हणून जे दिसलं त्याला नाव दिलं: ट्रॅक्टर. स्क्रिप्ट तेव्हा पास करण्याच्याच लायकीची होती, अजूनही वाटतं. पण कारण चुकीचं लिहिलं. डॉक्टरनं ताप खरा सांगावा आणि गोळी गुडघ्याची द्यावी तसं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात म्हटलं, त्या मुलाला दुसरा रिपोर्ट पाठवूया. उत्तर आलं, पास झालंय ना, मग कशाला. कव्हरेज लेखकाला द्यायचंच नसतं असाही एक नियम आहे, पण कोणीतरी आधीच दयाबुद्धीनं त्याला माझी ती ट्रॅक्टरची ओळ व्हॉट्सॲप केली होती, नेमकी तेवढीच. सिस्टिम अशी आहे की तीन पानांतलं एक वाक्य बाहेर जातं आणि ते कुठलं हे रिपोर्ट लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही. मी बॉसना मेल टाकला. त्यावर अंगठ्याचा इमोजी आला.

इंटर्ननं दरम्यान भिंतीवर, माझ्या तीन रंगांच्या खाली, मार्करनं चौथी ओळ काढलीय: 'गाडीत काय भरलंय?' मी त्याला सांगितलं, इथे कार्डंच लावायची, भिंतीवर लिहू नकोस. पुसली मात्र नाही.

गेल्या सोमवारी साखर कारखान्याचा नवा ड्राफ्ट आला. वर लेखकाची चिठ्ठी, तुमच्या सूचनेवर चार महिने काम केलंय, मॅडम. ट्रॅक्टर पान दोनवर आहे. पान सहावर त्याचं डिझेल भरतात. पान अकरावर मुकादम आणि ड्रायव्हरचं त्याच्या टायरवरून भांडण आहे, सीन छान लिहिलाय. पान पंधरावर कपाट उघडतं. पुढची चाळीस पानं मी अजून वाचलेली नाहीत.