घोळता घोळता

मोदकाची पिठी चाळायला बसावं तर भाद्रपदात, म्हणजे नेमकं नको त्या हवेत. तांदूळ धुऊन सावलीत पसरायचे, पण आमच्या वेंगुर्ल्याकडे ते त्या दिवसांत पुरते वाळतील तर शपथ. दळून आणलेली पिठी चाळणीत घातली की थोडी भुरभुर खाली पडते आणि बाकीची बारीक बारीक गोळ्या होऊन वरच पळत सुटते. हात जोरात चालवावा तर गोळ्या आणखी गरगरीत होतात. आपण गुठळी मोडायला बसलेलो असतो आणि चाळणी ती वळत असते.

चाळणीचा यात काही दोष नाही. कण दहापट बारीक झाला की त्याचं वजन हजारपट घटतं, पण शेजारच्या कणाला धरून ठेवायची ओढ साधारण दहापटच कमी होते. म्हणून रवा सरसर गळतो आणि पिठी जत्रेतल्या पोरांसारखी एकमेकांचे हात सोडत नाही. त्यात दोन कणांच्या मध्ये पाण्याचा अंश अडकला तर तो दोघांना आणखी जवळ ओढतो. अशी जुळलेली गुठळी चाळणीवर गडगडते, आपटते, आतले कण दाबून बसतात आणि आतला ओलावा अंगावर येतो. त्या ओल्या अंगाला पुन्हा नवं पीठ लागतं. जोर करून काहीच साधत नाही. पिठी पंख्याखाली तासभर पसरून ठेवावी. मग त्याच गोळ्या तळहाताने नुसत्या चोळल्या तरी सुटतात.

मिठाची तऱ्हा वेगळी. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतं, आणि आषाढात आमच्या किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक त्याच्या वरच असते. बरणीला पाझर फुटतो. मग मध्येच दोन दिवस कडक ऊन पडतं, पाणी उडून जातं आणि विरघळलेलं मीठ कणाकणांच्या सांध्यात पुन्हा घट्ट बसतं. ढेकूळ दगडासारखं दिसतं खरं, पण सांधा ठिसूळ असतो. कागदात गुंडाळून वरून लाटणं फिरवलं की कुरकुर मोडतं. ओलं असताना हाच उद्योग केला तर मिठाची वडी थापली जाते, दुसरं काही नाही.

पेणजवळ डोलवीच्या पोलाद कारखान्यात लोखंडाचं खनिज असंच घोळलं जातं. भट्टीत नुसती भुकटी घातली तर वाऱ्याची वाट बुजते, म्हणून तिच्या गोळ्या करायच्या. पेलेट म्हणतात त्यांना. या गोळ्या वळायची एक पद्धत म्हणजे तिरकी फिरणारी मोठी थाळी. तिच्यात भुकटी, चिमूटभर बेंटोनाइट माती आणि वरून पाण्याचे फवारे. मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती निवड. लहान गोळ्या तळाशी घोळत राहतात आणि वाढलेल्या आपोआप वर येऊन काठावरून बाहेर पडतात. माप साधारण ९ ते १६ मिलिमीटर. ओली गोळी पुरेशी पक्की झाली का, हे बघायला ती साधारण ४५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली टाकतात, फुटेपर्यंत. नंतर भाजणी. पाणी कमी पडलं तर गोळी धरत नाही आणि जास्त झालं तर चिखल होतो.

हे कारखान्याचं शास्त्र आमच्या काकूला परातीत ठाऊक आहे. संक्रांतीचा हलवा करायला ती भल्या पहाटे बसते, कारण किनाऱ्यावर जी काही कोरडी थंडी असते ती तेवढीच. मंद निखाऱ्यांवर परात, परातीत तीळ, शेजारी एकतारी पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. पाक पडला की आधी तीळ एकमेकांना चिकटतात, दोन-दोन, तीन-तीन. हात थांबला तर त्यांची चिक्कीच व्हायची. फिरवत राहिलं की घासून घासून सुटे होतात, पाणी उडतं आणि साखरेचा पातळ थर ज्याच्या त्याच्या अंगावर सुकतो. मग पुढचा चमचा. काटा असा थेंबाथेंबाने येतो. एकदा मी दोन चमचे एकदम ओतायला गेले, तर पळीच हिसकावून घेतली. ‘‘काय गो, घाई कसली तुका?’’

त्या पहाटे दमट वारा सुटला तर मात्र काकूचंही काही चालत नाही. थर सुकतच नाही, दाणे गुळगुळीत राहतात आणि निम्मी साखर दाण्याला न लागता परातीच्या तळाशी भुकटी होऊन बसते. काकू ती चाळून डब्यात भरून ठेवते, आणि पुढचा महिनाभर घरातला चहा त्याच साखरेचा.